यादीत नसलेला गड

सहामाहीचा शेवटचा पेपर संपतो आणि त्याच संध्याकाळी तो मागायला लागतो. आधी विटा मागतो, मग दगड, फुटकी कौलं, एखादं घमेलं, जुनं पोतं. दुसऱ्या दिवशी त्याला माती हवी असते, तीही चाळलेली. तिसऱ्या दिवशी त्याचा हात थेट स्वयंपाकघरातल्या फळीवर जातो आणि हळिवाचा डबा खाली येतो. "अरे, ते लाडवांसाठी ठेवलेत," असं आई म्हणते आणि म्हणता म्हणता मूठभर काढूनही देते. अजून धड उभासुद्धा राहिलेला नाही, पण घरातला वट असा.

दिवाळीचा किल्ला. पुण्याकडं, साताऱ्याकडं, कोल्हापुरात तो दारोदार असतो आणि तोंडावळा सगळीकडं साधारण सारखाच. लोणावळ्याजवळच्या वलवणमध्ये मात्र त्याची एक पंचाईत आहे. इथं त्याचे शेजारी खरे आहेत. लोणावळ्याहून पुण्याच्या लोकलमध्ये बसलं की मळवली यायच्या आत उजव्या खिडकीत लोहगड आणि विसापूर शेजारीशेजारी उभे दिसतात. राजमाचीची वाट तर इथूनच, तुंगार्लीच्या अंगानं आत शिरते; तिच्या टोकाला श्रीवर्धन आणि मनरंजन असे दोन बालेकिल्ले. पवनेच्या पाण्यापलीकडं तुंग आणि तिकोना. मावळ्यांना ज्यानं नाव दिलं ते हे मावळ. त्यात 2025 च्या जुलैमध्ये युनेस्कोनं मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत घेतले, अकरा महाराष्ट्रातले आणि एक तमिळनाडूतला जिंजी. त्या बारांत लोहगड आहे.

एवढ्या मातब्बर सोयऱ्यांच्या पंक्तीत दीड हात उंचीच्या मातीच्या ढिगानं बुजून बसायला हवं होतं. तो बुजत नाही. त्यांची नक्कलही करत नाही. चौथीतला मुलगा शाळेच्या सहलीत लोहगड चढून आलेला असतो. गणेश, नारायण, हनुमान आणि महादरवाजा असे चारही दरवाजे त्यानं मोजलेले असतात, नाना फडणवीसांनी बांधलेलं सोळाकोनी टाकं बघितलेलं असतं, परीक्षेत त्यावर पाच ओळीही लिहिलेल्या असतात. घरी येऊन तो जो किल्ला करतो त्याला एक दरवाजा, एक आरपार बोगदा आणि माथ्यावर निळीच्या पाण्याचं तळं. तळ्यात प्लास्टिकचं बदक. लोहगडाचा विंचूकाटा म्हणजे डोंगराची लांबच लांब निमुळती सोंड. मातीत करायला त्याच्याइतकं सोपं काही नाही. पण तो कुणी करत नाही. का, असं एकाला विचारलं तर म्हणाला, "तिथं मावळे उभे राहत नाहीत, पडतात." किल्लेबांधणीचा एवढा रोखठोक विचार मी पुस्तकांतही फारसा वाचलेला नाही.

किल्ल्याचा हा बेगुमान स्वभाव कुठून आला? माझ्या मते भातातून. मावळात दिवाळी आणि भाताची कापणी एकदमच येतात. आवणीनंतर तीन-चार महिने पाण्यात उभी असलेली खाचरं ऑक्टोबरात सोनेरी होतात, आणि परतीचा पाऊस गाठायच्या आत इंद्रायणीचं पीक कापून, भारे बांधून खळ्यावर आणायचं असतं. हा इंद्रायणी तांदूळही इथलाच, वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रातून निघालेला. बाप विळा घेऊन खाचरात, आई फराळ आणि शेत यांच्या मध्ये, आजोबा खळ्यावर आभाळाकडं बघत. मोठ्या माणसांना दिवाळीच्या आधी श्वास घ्यायला फुरसत नाही, आणि म्हणून किल्ला संपूर्णपणे पोरांच्या हाती लागतो. त्याला वळण लावायला कुणी येत नाही. आईबापांची नजर नसलेल्या घरात वाढलेलं मूल जसं धीट आणि थोडं अघळपघळ होतं, तसा तो झालेला असतो.

कारभार मात्र शिस्तीचा. शिवकालीन गडावर हवालदार, सबनीस आणि सरनोबत असे वेगवेगळे अधिकारी असायचे; एकाच्या हातात सगळा गड जाऊ नये म्हणून ही वाटणी. अंगणातही तेच होतं. सगळ्यात मोठा चुलतभाऊ हवालदार. तो हात मळवत नाही, हात दाखवतो. अक्षर बरं असलेली बहीण सबनीस. पाटी ती रंगवते, कुणी किती विटा आणल्या याचा हिशेबही तिच्याच डोक्यात. घमेली उचलणारे दोघेतिघे शिबंदी. आणि सगळ्यात धाकटा, ज्याला काहीच करू देत नाहीत, तो पाणी आणतो. तांब्या अर्धा सांडत येतो, तरी त्याच्याशिवाय काम थांबतं, हे त्याला दुसऱ्या खेपेत कळलेलं असतं. मग तो तांब्या हातात धरून उभा राहतो आणि तोफेजवळ कोण उभं राहणार यावर वाटाघाटी करतो.

आता त्याचं अंग बघा. वलवणची माती तांबूस, मुरमाड. वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस झेललेली. बारीक होतं ते सगळं वाहून गेलेलं. नुसत्या मुरमाचा बुरूज वाळला की ढासळतो. म्हणून चिकण माती खाचराच्या बांधाची आणायची. पण ऐन कापणीत बांधाला हात लावला तर आजोबा खळ्यावरून ओरडतात. यावरची युक्ती खेकड्यांनी करून ठेवलेली असते. बिळं खणताना त्यांनी ओल्या मातीच्या गोळ्या बाहेर काढून टाकलेल्या असतात, मऊ, लोण्यासारख्या, खडा नसलेल्या. पोरं त्या गोळा करतात. बांधही शाबूत आणि बुरुजाला तुळतुळीत माती. खालच्या भरावाला मात्र मुरूमच चांगला, पाणी धरून ठेवत नाही.

आधी दगडविटांचा ढीग, त्यावर गाऱ्यात बुचकळलेलं पोतं. पोतं हे किल्ल्याचं कातडं. नुसता चिखल थापला तर दोन दिवसांत भेगा पडतात. पोत्याच्या विणीत तो रुतून बसतो आणि हलत नाही. शिवाय पोतं टाकताना ज्या चुण्या पडतात त्याच दऱ्या होतात. कुठं चुणी घ्यायची आणि कुठं ताणायचं यावर हवालदार आणि सबनीस यांच्यात पहिलं भांडण होतं. अडचण एवढीच की तागाचं पोतं आता घरात सापडत नाही. तांदूळ, सिमेंट, पेंड सगळं प्लास्टिकच्या पोत्यात येतं आणि त्याच्यावरून चिखल घसरून खाली येतो. मग आजीचं विरलेलं लुगडं बाहेर निघतं. ते उत्तम चालतं, फक्त एका बाजूनं जरीचा काठ दिसत राहतो. तो झाकायला तिथं जंगल करतात.

जंगल आणि हिरवळ हे त्याच्या अंगावरचं खरं कसब. मोहरी, हळीव आणि गहू, तिघांचे स्वभाव वेगळे. उतारावर मोहरी टाकली की पहिल्या पाण्याबरोबर ती गडगडत पायथ्याला जमते. मग माथा बोडका आणि पायथ्याशी दाढी. हळीव भिजलं की त्याच्याभोवती बुळबुळीत वेष्टन फुगतं आणि ते बी उभ्या कड्यालाही चिकटून बसतं. म्हणून कड्याला हळीव, माचीवर मोहरी, मागच्या बाजूला झाडी म्हणून गहू. हे ज्ञान कुठल्या पुस्तकात नाही, पण पाचवीतल्या मुलीला असतं. वसुबारसेला पेरलं तर लक्ष्मीपूजनापर्यंत हळिवाला बारीक पानं फुटतात, भाऊबीजेला गड हिरवागार. ओसरीच्या कोपऱ्यात केलेला असला तर सगळी रोपं उजेडाकडं मान वाकवून उभी राहतात, जणू गडावरची झाडी कुणाला तरी मुजरा करते आहे. "वारा आहे," असं पोरं सांगतात.

दरवाजाला पुठ्ठ्याची कमान, पायऱ्या आइस्क्रीमच्या काडीनं दाबून, तटावर गेरूचा हात, वाटांना रांगोळी किंवा चुन्याची फक्की. माथ्यावर भगवा. तो नेहमी मापाबाहेर मोठा, त्यामुळं वारा सुटला की आधी झेंडा आणि त्यामागून बुरुजाचा ढलपा खाली येतो.

मग वस्ती येते. बाजारातून आणलेले मावळे, सिंहासनावर महाराज, दोन तोफा. हे झालं सरकारी. त्यापलीकडं जी रयत जमते ती बघण्यासारखी. डोक्यावर दुधाची चरवी घेतलेली गवळण, बुरुजाहून उंच. भाजीवाली. वासुदेव. भाद्रपदातल्या पोळ्याचा मातीचा बैल, एका शिंगाचा. गुहेत वाघ, आणि वाघापासून चार बोटांवर निवांत चरणारी शेळी. पायथ्याला डांबरी रस्ता, त्यावर लाल मोटार. मोटारीला वाट द्यायला मावळा उभा. एका घरी हिरव्या गणवेशातला प्लास्टिकचा बंदूकधारी शिपाई तटाबाहेर आडवा टाकलेला होता. आजोबा म्हणाले, हा इष्टुर. जानेवारी 1779 मध्ये पुण्यावर चालून येणाऱ्या इंग्रजी फौजेचा कॅप्टन स्ट्युअर्ट कार्ल्याजवळ गोळा लागून पडला; त्याच्या धाडसाचं मराठ्यांनाही कौतुक, म्हणून त्याला 'इष्टुर फाकडा' म्हणू लागले. पुढं वडगावला इंग्रजांना तह करून मागं फिरावं लागलं. कार्ला वलवणहून दोन-तीन कोसांवर. नातवाला तारीख माहीत नव्हती, पण इष्टुर तटाच्या आत घ्यायचा नाही हे पक्कं माहीत होतं.

मोठ्यांना या वस्तीचं हसू येतं. गडावर भाजीवाली कशी, मोटार कशी. मला मात्र वाटतं, यात मुलंच खरी. आपण किल्ला म्हटलं की तट आणि तोफा बघतो. पण गडावर माणसं राहत होती, त्यांना दूध लागत होतं, भाजी लागत होती, लोहाराचा भाता आणि धान्याचं कोठार लागत होतं. लढाई वर्षातून कधीतरी, पाणी रोज. मावळाही बाराही महिने तलवार घेऊन बुरुजावर उभा नसे. पावसात तो खाचरात चिखलणी करत असे आणि दसऱ्यानंतर मोहिमेवर निघत असे. लोहगडावर आज जा, दगड सगळे जागेवर आहेत, दूध घेऊन येणारी बाई नाही. ती अंगणातल्या गडावर आहे. जागतिक वारशाच्या यादीत जे बसवता येत नाही ते नेमकं इथं, एका गळक्या करवंटीच्या तळ्याकाठी, गेरूनं रंगवून ठेवलेलं असतं.

वलवणच्या किल्ल्याचं आणखी एक वेगळेपण म्हणजे धरण. दुसरीकडं तळ्यावर भागतं, इथं धरणही लागतं, कारण ते समोर दिसतं. टाटांच्या जलविद्युत योजनेची पायाभरणी लोणावळ्यात 1911 साली झाली आणि 1915 मध्ये खोपोलीच्या वीजघरातून मुंबईच्या गिरण्यांना वीज जाऊ लागली. वलवण, लोणावळा आणि शिरवता या तलावांचं पाणी मोठ्या नळांतून घाटाखाली सुमारे 500 मीटर उतरतं आणि त्या जोरावर चक्रं फिरतात. अंगणात हेच सगळं दोन हातांत बसवलेलं असतं. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्याचं झाकण म्हणजे जलाशय, पुढं मातीची भिंत, भिंतीतून निघालेली सलाईनची नळी, आणि पायथ्याशी काड्यापेटीचं वीजघर. वीजघरात बल्ब. पाहुणे आले की हवालदार नळीची चकती सोडतो, पाणी खळखळत उतरतं आणि बल्ब पेटतो. किल्ल्यामागं बसून वेळेवर सेलची तार जोडणारा धाकटा पाहुण्यांना दिसत नाही. तोफेजवळची जागा गेली, पण वीज त्याच्या हातात आली.

एवढं काम करायचं तर खायला हवं. किल्ल्याची भूक ही सगळ्यांना लागते. पण हात कोपरापर्यंत चिखलात. चिवडा खाता येत नाही, करंजी फुटते, चकलीचे काटे मातीत पडतात. त्यामुळं दिवाळी सुरू व्हायच्या आधीचा, निव्वळ बांधकामाचा असा एक खाऊ असतो आणि लोणावळ्यात तो चिक्की सोडून दुसरा असणार कसा? बाजारातल्या चिक्कीच्या दुकानांवर सुट्टीच्या दिवशी पुण्यामुंबईच्या गाड्यांची रांग लागते, ती पाहुण्यांसाठी. घरची वेगळी. तिच्यात मुलांना करण्यासारखं बरंच असतं, म्हणून सांगतो.

शेंगदाणे मंद आचेवर भाजून घ्यायचे, खमंग, डाग न पडता. गार झाले की सालं काढायचं काम मुलांचं. दोन्ही तळव्यांत चोळायचे आणि सुपात घेऊन अंगणात पाखडायचे. सुपासमोर उभा राहील त्याच्या केसांत सालं. दाणे दुभंगले पाहिजेत, कूट नको. चिक्कीचा गूळ वेगळा मिळतो, तो आणावा. साध्या गुळाचा पाक चिवट राहतो आणि चिक्की दाताला चिकटते. दाण्यांच्या जवळजवळ बरोबरीनं गूळ, चमचाभर तूप, आणि कढईत पाक. पाक मोठ्यांनीच करायचा. मुलांनी वाटीत गार पाणी घेऊन बाजूला उभं राहायचं. पाकाचा थेंब पाण्यात टाकायचा आणि तो बोटांत दाबायचा. वाकला तर थांबा. कट्‌कन मोडला तर झालं, क्षणाचाही उशीर नको. दाणे टाकून दोन हात फिरवायचे, तूप लावलेल्या पाटावर ओतायचं आणि तूप लावलेल्या लाटण्यानं भराभर लाटायचं. गरम असतानाच सुरीनं रेघा मारायच्या. गार झाल्यावर मारायला गेलात तर वड्या न पडता नकाशे पडतात. सरळ वड्या डब्यात जातात, कडेचे वेडेवाकडे तुकडे किल्ल्यावर. "आ कर" म्हणायचं आणि तोंडात टाकायचा, म्हणजे चिखलाचे हात धुवायला नकोत. गूळदाण्यावर पोरं तासभर राबतात.

अगदी लहान पोरांना पाकाजवळ येऊ द्यायचं नाही. त्यांना कुरमुऱ्यांचं काम द्यावं. गुळाच्या गरम पाकात कुरमुरे मोठ्यांनी घालायचे आणि मिश्रण कोमट झालं की हाताला तूप लावून लाडू वळायचे. तीन वर्षांच्या मुलालाही जमतात. ते गोल होत नाहीत. त्यातले दोन-तीन किल्ल्यावर तोफेचे गोळे म्हणून जातात आणि रात्रीतून मुंग्या ते घेऊन जातात. सकाळी पोरं म्हणतात, दारूगोळा संपला.

मुंग्या हे त्याचं सगळ्यात सौम्य संकट. मांजर वाईट. तिला नेमकी पेरलेली ओली माती आवडते, आणि ती येते वरून, ओसरीच्या कठड्यावरून. उंच शेजारी किती धोक्याचा असतो हे मावळातल्या किल्ल्यांना जुनं ठाऊक आहे. मार्च 1818 मध्ये इंग्रजांनी आधी विसापूर घेतला; तो लोहगडाहून उंच. त्याच्या माथ्यावर शत्रू आल्यावर लोहगड लढाईवाचून गेला. कठडा हा अंगणातला विसापूर. शहाणी पोरं तिथं आधी कुंड्या लावून ठेवतात. कोंबड्या हळीव टिपतात, कुत्रं बोगद्यात तोंड घालतं, आणि शेजारच्या आळीतली पोरं बघायला म्हणून येतात व जाताना एक मावळा कमी असतो.

पाऊस मात्र त्याचा कुळाचार असल्यासारखा येतो. लोणावळ्याचा पाऊस दसऱ्याला निरोप घेतो आणि दिवाळीत विसरलेली छत्री न्यायला परत येतो. दुपारी चारला राजमाचीच्या बाजूनं काळं भरून आलं की गावात एकच धावपळ. खळ्यावर भात झाकायला मोठी माणसं धावतात, अंगणात किल्ला झाकायला लहान. प्लास्टिकचा कागद घरात एकच असतो, पावसाळ्यात पश्चिमेच्या भिंतीला बांधलेला. तो कुणाला मिळणार हे उघड आहे. मग किल्ल्यावर दोन छत्र्या, एक जुनं इरलं, आणि ते धरून भिजत उभी असलेली तीन पोरं. त्या पंधरा मिनिटांत कुणीही हवालदार नसतो. माथा वाचतो, धरण फुटतं, काड्यापेटीचं वीजघर रस्त्यापर्यंत वाहून जातं. पाऊस थांबल्यावर शांतपणे पुन्हा गारा कालवायला घेतात. रडारड होते ती फक्त महाराजांच्या रंगाला पाणी लागलं तर. बाकी सगळं पुन्हा करता येतं, असं त्यांचं मत दिसतं.

लक्ष्मीपूजनाच्या रात्री तो नटतो. बुरुजाबुरुजावर पणत्या, बोगद्यात एक. आकाशकंदिलाचा लाल उजेड हळिवावर पडतो तेव्हा दीड हाताचा गड चांगला दोन पुरुष उंच वाटतो. त्या रात्री त्याला मिरवायची हौस असते. येणाऱ्याजाणाऱ्यानं थांबावं, खाली वाकावं, असं त्याला वाटतं. पाडव्याला त्याच्या शेजारी आणखी एक वस्ती उठते. पुणे-साताऱ्याकडच्या खेड्यांत बायका या दिवसांत अंगणात शेणाच्या गवळणी आणि पांडव घालतात, वर झेंडूची फुलं खोचतात. गोठ्यातलं शेण, बोटांचे ठसे, आणि घटकाभरात अख्खं गोकुळ. किल्ला पोरांचा, गोकुळ बायकांचं. मधल्या वाटेनं जाताना पुरुषमाणसाला पाय जपून टाकावे लागतात. वर्षातून एकदा तरी अशी वेळ यावी हे बरंच आहे.

आता वलवणला अंगणं राहिलीत कुठं, असं कुणी म्हणेल. खरं आहे. खाचरांच्या जागी बंगले आले, बंगल्यांच्या मागं हॉटेलं आणि सोसायट्या. सोसायटीतला किल्ला पार्किंगमध्ये होतो, दोन खांबांच्या मध्ये, खाली प्लास्टिक अंथरून, कारण फरशी खराब होते. माती पोत्यानं विकत. तिथं मोठ्यांना सुट्टी असते आणि तिथंच घोटाळा होतो. बाबा मोबाइलवर राजगडाचा नकाशा काढतात, आई थर्माकोल कापते, आणि ज्याचा किल्ला तो मुलगा खुर्चीवर बसून बघतो. पुण्याच्या बाजारात तयार किल्लेही मिळतात, प्लास्टरचे, रंगवलेले, डिकीत मावणारे. ते घरी आणतात, बैठकीत ठेवतात आणि महाराज बसवतात. दिसायला देखणा असतो. पण त्यानं कुणाकडं काही मागितलेलं नसतं, हळिवाचा डबा जागेवरच असतो, आणि पाऊस आला तर कुणी धावत नाही. त्याला मी किल्ला म्हणणार नाही, शोभेची वस्तू म्हणेन.

तरुण मंडळांचे मोठे किल्ले ही गोष्ट निराळी. नकाशे अभ्यासून, प्रत्यक्ष गड पायाखाली घालून, महिनाभर राबून ते करतात, शेजारी माहितीचा फलक लावतात. ते बघावेत आणि शिकावेत. फक्त सात वर्षांच्या मुलाला त्यांच्याकडं बोट दाखवून "बघ, असा करायचा" म्हणू नये. त्याच्या गडावर अजून मोटार जायची आहे.

भाऊबीज होते, शाळेच्या गृहपाठाची आठवण येते आणि किल्ल्याचा रुबाब उतरायला लागतो. हळीव पिवळं पडतं, खालची पानं झोपतात. काही घरांत त्याला तुळशीच्या लग्नापर्यंत ठेवतात, काही घरांत भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशीच जागा लागते, भाताचे भारे रचायला. उतरवायचंही एक शास्त्र आहे. आधी महाराज, मग मावळे, मग रयत, जुन्या वर्तमानपत्रात एकेक गुंडाळून बुटाच्या खोक्यात. मोडक्या हाताचे वेगळे; त्यांना पुढच्या वर्षी मेणानं हात चिकटतो. हळिवाचा पाला पिवळा पडायच्या आत आजीनं कात्रीनं कापलेला असतो. चवीला तिखटसर, मोहरीच्या जवळचा. नीट तीनतीनदा धुऊन दह्यातल्या काकडीत चिरून घातला की बरी कोशिंबीर होते. डब्यातून गेलेलं थोडंसं हळीव असं परत मिळतं. राहिलेली माती परसात, विटा चुलीमागं, लुगडं धुऊन पायपुसणं.

शेवटचा मान धाकट्याचा. त्याला पहिली उडी मारू देतात.

दिवाळीत वलवणकडं, किंवा कुठंही, येणं झालं आणि एखाद्या दारात असा कुणी उभा दिसला तर "छान केलाय हं" म्हणून पुढं जाऊ नका. त्याला ते आवडत नाही. खाली उकिडवे बसा, एका मावळ्याकडं बोट दाखवा आणि "हा कोण?" असं विचारा. उत्तराला अर्धा तास लागतो, तेवढा वेळ काढून ठेवा. आणि घरात मूल असेल तर यंदा हळीव पावशेर जास्त आणा.